नोंद, हिस्सा आणि वाटप: वडिलोपार्जित शेताचं भांडण नेमकं कशाचं असतं

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी कागद काढले, तेव्हा आमचा जुना, हातानं लिहिलेला सातबारा मी पहिल्यांदा ओळ न ओळ वाचला. त्यात घरातली निम्मी माणसं सापडेनात. आजोबांच्या नावाला कंस केलेला, म्हणजे ते नाव कमी झालेलं. त्याखाली कब्जेदार म्हणून एकट्या वडिलांचं नाव आणि पुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’. काकांचं नाव कुठंच नाही. दोन्ही आत्या होत्या, पण उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याखाली. दोन ओळी, सासरची नावं, पुढे ‘वारस’.

थोरल्या आत्यानं तो कागद हातात घेतला, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे माझं आहे का नाही रे?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता. विचारलं की माहेर तुटतं, अशी तिची समजूत होती. आणि आमच्यापैकी कुणाला त्याचं नीट उत्तरही देता येत नव्हतं. ते शोधताना जे समजलं ते इथं लिहितो आहे, कारण हाच कागद आणि हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या किती घरांत पडून आहे हे आता मला दिसतं.

वडिलोपार्जित जमिनीच्या भांडणात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नोंद म्हणजे सरकारी दप्तरात कुणाचं नाव आहे. हिस्सा म्हणजे कायद्यानं कुणाचं किती आहे. वाटप म्हणजे तो हिस्सा जमिनीवर नेमका कुठून कुठपर्यंत. नोंद तलाठ्याकडे होते, हिस्सा कायदा ठरवतो, वाटप मोजणीनं पुरं होतं. एकाचं काम दुसऱ्याकडे मागायला गेलं की वर्षं वाया जातात.

आधी नोंद

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाच्या नावे आणि तिच्यावर काय बोजे, बारामध्ये पिकं. सातवर एखादं नाव का आलं, का गेलं याची गोष्ट गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. सातबारावर नावाजवळ गोलात किंवा कंसात जो आकडा दिसतो तो फेरफाराचा क्रमांक. भांडण समजून घ्यायचं असेल तर आधी त्या आकड्याचा माग काढावा. आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षातून आजोबांनंतरचा फेरफार काढला आणि अर्धा गुंता तिथंच सुटला. त्यात चारही भावंडांची नावं वारस म्हणून स्वच्छ लिहिलेली होती.

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठं ए.कु.पु., कुठं ए.कु.क. असंही लिहितात, पुढारी किंवा कर्ता. पूर्वी घरातल्या मोठ्या भावाचं नाव सर्वांच्या वतीनं लावायची रीत होती. कर्ज काढायला, शेतसारा भरायला एक माणूस सोयीचा पडे. ही तीन अक्षरं असतील तर तो भाऊ एकटा मालक नसून सगळ्यांच्या वतीनं उभा आहे, असाच अर्थ निघतो. अडचण पुढच्या पिढीत येते. मोठा भाऊ गेला की त्याच्या वारसांची नोंद होते आणि ही अक्षरं गळून पडतात. मग धाकट्याच्या मुलांना स्वतःच्याच रानात उपरं ठरवलं जातं. म्हणून ए.कु.मॅ. असलेला प्रत्येक जुना उतारा आणि त्यामागचा फेरफार जपून ठेवावा. तो जोडून अर्ज केला तर गळलेल्या वारसांची नावं लावून घेता येतात.

बहिणींची नावं इतर अधिकारात टाकायची हीसुद्धा जुनी रीत. त्यामुळे त्यांचा हक्क कमी होत नाही. पण रोज कागद बघणाऱ्या भावाला आणि एकदाही न बघितलेल्या बहिणीलाही हळूहळू तसंच वाटू लागतं, हा त्या रकान्याचा खरा अन्याय आहे.

खातेदार वारला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. वारसांची नोंद ६क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत होते, मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, चौकशी करून निर्णय देतो. तो मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील. २०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी, मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायला. वारसांच्या यादीतून बहीण वगळली जाते ती बहुतेक वेळा याच पायरीवर, प्रतिज्ञापत्र लिहिताना.

प्रांत, अपर जिल्हाधिकारी, त्याच्याही वर, असे हेलपाटे घालून दहा-दहा वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. नोंद चुकली असेल तर हा रस्ता बरोबर. पण ‘माझा हिस्सा किती’ हे महसुली अधिकारी ठरवू शकत नाही. फेरफारानं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. नोंद खरी धरून चालायचं, पण तिच्याविरुद्ध पुरावा आला की ती गळून पडते, एवढंच कलम १५७ चं म्हणणं. हिश्श्याचा वाद असेल तर दिवाणी न्यायालय.

हिस्सा: सात एकर आणि एक एकर

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम निराळे, आणि गोव्यात तर मुळापासून वेगळी पद्धत. इथं मी फक्त १९५६ च्या कायद्याबद्दल बोलतो आहे.

सांगलीच्या न्यायालयात उभा राहिलेला एक दावा कायद्याच्या पुस्तकात कायमचा बसला आहे: गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई. नवरा १९६० मध्ये वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पत्नीनं आपला हिस्सा मागितला. खालच्या न्यायालयानं तिला चोविसावा भाग दिला, उच्च न्यायालयानं चोवीसपैकी सात भाग, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. हे गणित एकदा समजलं की निम्मा कायदा समजतो, म्हणून जरा थांबून करू. सोयीसाठी मालमत्ता चोवीस एकर धरू.

त्या वेळच्या कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क फक्त पुरुषांना होता. बाप वारला की आधी असं धरायचं, की मरणाच्या क्षणाआधी त्यानं वाटणी केली असती तर काय झालं असतं. बाप, दोन मुलगे, आणि अशा वाटणीत आपल्याकडे पत्नीलाही मुलाइतका वाटा असतो, म्हणून ती. चार वाटे, प्रत्येकी सहा एकर. आता बापाचे सहा एकर त्याच्या सहा वारसांत, प्रत्येकी एक. म्हणजे पत्नीला सात, मुलांना सात-सात, आणि मुलींना एक-एक एकर.

आता याच घराला आजचा कायदा लावू. मुलीही जन्मापासून भागीदार. आई, वडील आणि पाच मुलं मिळून सात वाटे. वडिलांचा सातवा वाटा पुन्हा सहा जणांत. गणित केलं की प्रत्येकाला बरोबर सहावा हिस्सा, चार एकर. आईला चार, मुलग्याला चार, मुलीला चार.

एक एकरापासून चार एकरांपर्यंतचा रस्ता लांब होता. महाराष्ट्रानं तो केंद्राच्या आधी धरला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. २२ जून १९९४ पासून राज्याच्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानं हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. माझ्या दोन्ही आत्या सुटलेल्यांतल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट राहिली नाही. तरीही ‘त्या तारखेला वडील हयात हवेत’ असा वाद वर्षानुवर्षं चालला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो संपवला: हक्क जन्मानं आहे, वडील कधी वारले याला महत्त्व नाही.

या नियमाला एक कुंपण आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री उकरून काढता येत नाही. वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा. ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली’ असं सांगून बहिणीला बाजूला सारता येत नाही. तोंडी वाटणी खरोखर झाली असेल आणि सरकारी दप्तरात तिचा त्या काळचा भक्कम पुरावा असेल तरच, आणि तेही अपवाद म्हणून, ती ऐकली जाते.

बापानं स्वतः कमवून घेतलेल्या जमिनीत तर मुलीचा हक्क १९५६ पासूनच मुलाइतका आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, आई, मुलगे, मुली सगळे सारखे. ‘मुलींना हक्क २००५ नंतर आला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

उलट्या बाजूची चूक तरुण पोरं करतात. ‘आजोबांची जमीन आहे, माझा जन्मसिद्ध हक्क, वडिलांनी विकायची नाही.’ दरवेळी असं नसतं. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन ते १९५६ नंतर वारल्यावर वडिलांना वारसानं मिळाली, तर ती वडिलांची स्वतःची धरली जाते. वडील हयात असेतो नातवाचा त्यात हिस्सा नाही. पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेली, आजोबांच्याही हातात एकत्रच असलेली जमीन असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘वडिलोपार्जित’ हा शब्द तोंडानं उच्चारून भागत नाही. जमीन घरात पहिल्यांदा कशी आली, खरेदीनं, वारसानं की कुळकायद्यानं, हे जुन्या फेरफारांवरून दाखवावं लागतं. कुळकायद्यानं आलेल्या जमिनीत हमखास वाद होतो: कुळ म्हणून नाव थोरल्याचं लागलं, पण रानात राबले सगळे भाऊ. तिथं पुराव्यावर सारं ठरतं, आणि पुरावा म्हणजे त्या काळातले कागद.

“आत्या, फक्त एक सही”

तेराव्यानंतर पाहुणे पांगायच्या आत हा संवाद होतो. तलाठ्याकडं द्यायला कागद आहे, एक सही कर, नाहीतर नोंद अडेल. बहीण करते. तिला वाचून कुणी दाखवत नाही, आणि अशा वेळी वाचायला मागणं तिलाच बरं वाटत नाही.

त्या सहीचे अर्थ वेगवेगळे असू शकतात. वारस नोंदीच्या अर्जावर किंवा प्रतिज्ञापत्रावर सही करून, त्यात सगळी नावं असतील तर, काही बिघडत नाही. उलट तेच हवं. स्टँपपेपरवर नोटरी केलेलं ‘मला काही नको’ किंवा तलाठ्यासमोरचा जबाब, यांनी जमिनीवरचा हक्क सुटत नाही, कारण हक्कसोडपत्र नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. मात्र तसं नोंदवलेलं हक्कसोडपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवून किंवा धाकानं घेतलं असेल तर न्यायालयात ते सिद्ध करावं लागतं, आणि ते अवघड जातं. सब-रजिस्ट्रारकडे नेत आहेत, अंगठा आणि फोटो घेत आहेत, म्हणजे हा नुसता नोंदीचा कागद नाही, इतकं तरी प्रत्येक बहिणीला माहीत असायला हवं.

हक्क सोडणं वाईट असं माझं म्हणणं नाही. धाकट्या आत्यानं सोडला, काकांच्या नावे, पूर्ण वाचून, स्वतःहून. काकांनी आयुष्यभर ते रान कसलं होतं आणि तिच्या अडीनडीला धावून गेले होते. तिला हिस्सा किती आहे हे आधी समजलं आणि मग तिनं तो दिला. साडीचोळीच्या बदल्यात नकळत गेलेला हिस्सा आणि समजून दिलेला हिस्सा यांत मला तरी फार मोठं अंतर दिसतं.

‘बारा वर्षं झाली, आता काही मिळत नाही’ हेही फार ऐकू येतं. एक भाऊ कसतो म्हणून तो एकटा मालक होत नाही. सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीचा धरतात. बारा वर्षं मोजायची ती, तुला इथं काही नाही असं त्यानं उघड नाकारलं आणि ते तुम्हाला कळलं, तिथून. तरी उशीर करू नये. मधल्या काळात जमीन विकली जाते.

विक्रीबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे एकत्र मिळकतीतला स्वतःचा न वाटलेला हिस्सा भाऊ मोबदला घेऊन विकू शकतो. पण घेणारा ‘हाच तुकडा माझा’ म्हणून नांगर घालू शकत नाही, त्यानं आधी वाटप मागायला हवं. आणि वारसानं मिळालेला हिस्सा सहवारसांपैकी कुणी विकायला काढला तर तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांना आहे, शेतजमिनीलाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: वाटपाचा दावा लावला की महाराष्ट्रात त्याची नोटीस, जिला वकील ‘लिस पेन्डन्स’ म्हणतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी लागते. ती नोंदवली नाही तर दावा चालू असताना जमीन घेणारा ‘मला काय माहीत’ म्हणून मोकळा होऊ शकतो. दावा लावल्या आठवड्यात हे काम करून टाकावं.

वकिलाचा खर्च कसा करू, म्हणून गप्प बसणाऱ्या बहिणींसाठी: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज करायचा.

वाटप: सरस-निरस

हिस्सा ठरला तरी सातबारावर सगळ्यांच्या नावांखाली ‘सामाईक क्षेत्र’ अशी ओळ राहते. ती आहे तोवर कुणीही अमुक बांध माझा म्हणू शकत नाही, आणि पीककर्जापासून विहिरीच्या अनुदानापर्यंत दरवेळी सगळ्यांची संमती गोळा करावी लागते.

सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, किंवा वाटणीपत्र करून नोंदवता येतं. राजी नसतील तर दिवाणी दावा. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्यात प्रत्येकाचा हिस्सा जाहीर करतं. पण सारा लागणारी शेतजमीन न्यायालय स्वतः कापून देत नाही. ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसील आणि भूमी अभिलेखाकडे, आणि मग मोजणी. हुकूमनामा खिशात घालून प्रत्यक्ष ताब्यासाठी आणखी कित्येक वर्षं थांबलेली घरं आहेत ती यामुळे.

वाटपात एक सुंदर जुना शब्द आहे, सरस-निरस. नुसते गुंठे सारखे करून न्याय होत नाही. काळी जमीन आणि मुरमाड जमीन, रस्त्याकडची आणि ओढ्याकडची, विहिरीजवळची आणि पाणी न पोचणारी, यांची प्रत बघून वाटा कमीजास्त करायचा. आमच्याकडे चार एकर होते आणि चार वाटे, त्यांतला धाकट्या आत्याचा काकांकडे गेलेला, तरी कुठल्याच वाट्याला नेमके चाळीस गुंठे आले नाहीत. ओढ्याकडच्या खडकाळ वाट्याला सत्तेचाळीस धरले, विहिरीकडच्याला चौतीस, बाकी मधल्यांत.

बांधावरून होणाऱ्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा वाटणीपत्रात न लिहिलेल्या गोष्टींत असतं. विहीर सामाईक ठेवली, पण पाळी किती दिवसांची? मोटारीचं मीटर कुणाच्या नावे, बिल कोण भरणार? मागच्या वाट्याला बैलगाडी, आता ट्रॅक्टर, कुठून जाणार आणि ती वाट किती फूट? बांधावरचा आंबा कुणाचा, आणि तो वाळला तर लाकूड कुणाचं? पाइपलाइन दुसऱ्याच्या वाट्यातून गेली असेल तर फुटल्यावर खणायला परवानगी मागायची का? आम्ही हे सगळं लिहिलं. लिहायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत घरात जितका आवाज चढला तितका पूर्वी कधी चढला नव्हता. पण तो तिथं चढला, बांधावर नाही.

तुकडेबंदीचं भानही ठेवावं लागतं. १९४७ च्या त्या कायद्याखाली २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे केलं आहे. त्याहून लहान तुकडा पडेल असं वाटप करता येत नाही. अशा वेळी एकानं जमीन घ्यायची आणि दुसऱ्याला तिचे पैसे द्यायचे. आणि वाटप झाल्यावर पोटहिस्सा मोजणी करून नकाशा करून घ्यावा. सातबारा वेगळे झाले आणि नकाशा एकच राहिला, तर तोच वाद पुढच्या पिढीला मिळतो.

आमच्याकडे वाटे पाडल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरानं एकेक उचलून दिली. थोरल्या आत्याला ओढ्याकडचा वाटा आला, खडकाळ, सत्तेचाळीस गुंठ्यांचा. काकांनी बदलून देतो म्हटलं, ती नको म्हणाली. मोजणीच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती भर उन्हात चारही खुणांपर्यंत मोजणीदाराच्या मागं चालत गेली.

नवा उतारा आला तो मी तिच्याकडे घेऊन गेलो. सवयीनं तिनं आधी उजवीकडे बघितलं, इतर अधिकारात. तिथं विहिरीची पाळी आणि वाटेची नोंद होती. मग मी डावीकडे बोट दाखवलं.